दोन ढेकूण

ढेकणावर निबंध लिहिणे प्रौढ वयाच्या प्राध्यापकास शोभत नाही, असा आमच्या घरचा ठराव आहे. ठराव मांडला आमच्या पत्नीने. त्यास अनुमोदन दिले आमच्या चिरंजीवांनी, बेंगळुरूहून दूरध्वनीवरून. आणि आमचे वडील तटस्थ राहिले. तटस्थ राहणे हा वडिलांचा जन्मस्वभाव आहे. ठराव अशा रीतीने बहुमताने संमत झाला असला तरी तो आम्ही मानीत नाही. ज्या प्राण्याने आमच्या रक्तावर आपली कुटुंबेच्या कुटुंबे पोसली, त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर मग कोणास?

शिवाय विषय काही हलका नाही. संस्कृतात ढेकणास मत्कुण म्हणतात आणि त्याचा वाङ्मयातील वावर फार जुना आहे. राजाच्या पलंगात सुखाने संसार करणाऱ्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा येतो, राजा पुरता निजण्यापूर्वीच उतावीळपणे त्यास चावतो आणि फटीत पसार होतो. प्राण जातात ते बिचाऱ्या यजमानिणीचे, ही पंचतंत्रातील कथा वाचकांच्या परिचयाची असेल. एका सुभाषितकाराने तर लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात निजतात याचे कारण ढेकणांची धास्ती हेच दिले आहे. मराठीतही ढेकणाच्या संगतीने हिरा भंगल्याची म्हण रूढ आहे. आम्ही हिरा नव्हतो. म्हणूनच त्या संगतीतून बहुधा अभंग राहिलो.

आम्ही पोटासाठी इंग्रजी वाङ्मय शिकवितो. १५३५ साली कव्हर्डेलने बायबलाचे जे इंग्रजी भाषांतर छापविले, त्यातील एका स्तोत्रात रात्रीच्या भयासाठी त्याने 'बग' हा शब्द घातला आहे. त्या काळी त्या शब्दाचा अर्थ किडा असा नव्हता, तर भूत किंवा बागुलबुवा असा होता. पुढे अर्थ पालटला, असे कोशकार म्हणतात. गिरगावच्या चाळीत ज्याने बालपणाच्या रात्री काढल्या, त्यास मात्र तो फारसा पालटला असे वाटणार नाही.

आजच्या इंग्रजीत वाटेल त्या किड्यास बग म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ मात्र या बाबतीत मोठे सोवळे आहेत. ज्याचे तोंड चावण्यासाठी नसून, टोचून शोषण्यासाठी सोंडेसारखे झालेले असते, आणि ज्याच्या पुढच्या पंखाचा बुंधा चामड्यासारखा चिवट व शेंडा पातळ पापुद्र्यासारखा असतो, तोच त्यांच्या लेखी खरा बग. या अर्ध्यामुर्ध्या पंखांवरून लिनियसने त्या गणास हेमिप्टेरा, म्हणजे अर्धपंखी, असे नाव दिले. सोंडेत दोन बारीक नळ्या असतात. एकीतून लाळ सोडावयाची आणि दुसरीतून भक्ष्याचा रस ओढावयाचा. या अस्सल ढेकूणकुळात आजवर चाळीस हजारांवर जाती मोजल्या गेल्या आहेत. त्यांतील फक्त दोघांशी आमचा घरोबा. एक तळ्यातला, दुसरा बाकाच्या फटीतला. एकाच कुळातील या दोघा भाऊबंदांची तुलना करावी, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आधी तळ्यातला. राजापूर तालुक्यातील आमच्या गावी देवळामागे जांभ्या चिऱ्यांनी बांधलेले एक तळे आहे. आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणतो, त्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत एकटेच शिक्षक होते. १९७७ च्या पावसाळ्यात आमची आई वारली. आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे होतो आणि अण्णा एकोणचाळीस. त्या दिवसांविषयी आम्हांस फारसे आठवत नाही. आठवते ते इतकेच, की शाळा सुटली म्हणजे अण्णा आम्हांस घेऊन घरी न जाता तळ्यावर जात. घरी पोहोचण्याची घाई दोघांसही नसे. ते पायरीवर बसत आणि आम्ही पाण्यात डोकावत बसत असू.

एके दिवशी शेवाळाच्या कडेला सोललेल्या बदामाएवढा एक चपटा, तपकिरी किडा दिसला. त्याच्या पाठीवर पांढुरके दाणे असे दाटीवाटीने व शिस्तीने बसविले होते की पाठ दिसतच नव्हती. आम्ही त्यास काडीने ढकलले. त्याने बुडी मारली आणि पाठीवरच्या ओझ्यासह तो पुन्हा वर आला. आम्ही पुन्हा काडी उचलली, तेव्हा अण्णा म्हणाले,

"राहू दे. आई आहे ती. पोरं पाठीवर घेऊन फिरते."

इतके बोलून ते पाण्याकडे पाहत राहिले. आम्ही काडी टाकून दिली. त्या रात्री आम्हांस पुष्कळ दिवसांनी झोप लागली. जगात कोठेतरी आई आहे, मग ती किड्याची का असेना, एवढा आधार आठ वर्षांच्या मनास पुरत असावा.

आता दुसरा. १९७९ च्या जूनमध्ये आमची चौथी संपली होती आणि गावात पुढे शाळा नव्हती. अण्णांनी आम्हांस एस. टी.त घालून मुंबईस आणले आणि गिरगावात आत्याच्या बिऱ्हाडी सोडले. दुसऱ्याच दिवशी ते परत निघाले. डोक्यावरून हात फिरविणे, चार उपदेशाचे शब्द सांगणे, असले काही त्यांनी केले नाही. "उद्या माझी शाळा उघडते," एवढे म्हणून ते जिना उतरले. आम्ही गॅलरीच्या कठड्यातून पाहत होतो. त्यांनी वर पाहिले नाही.

दोन खोल्यांत नऊ माणसे. आमच्या वाट्यास निजण्यासाठी दाराजवळचे लाकडी बाक आले. दिवा मालवला की पाच-दहा मिनिटांत बाक जागे होई. मानेवर, मनगटावर, कानामागे आग होऊ लागे. दिवा लावावा तर आत्याचे यजमान ओरडत, कारण त्यांस पहाटे गिरणीची पाळी असे. म्हणून आम्ही अंधारातच चाचपडत असू. बोटाखाली काही चिरडे, उग्र दर्प येई, आणि सकाळी चादरीवर आपल्याच रक्ताचे ठिपके दिसत. दर रविवारी आत्या बाक गॅलरीत उभे करी, फटीफटीतून उकळते पाणी ओती, मग रॉकेलचा बोळा फिरवी. दोन रात्री शांततेच्या जात. तिसऱ्या रात्री पुन्हा जुने बिऱ्हाडकरू हजर.

एका रात्री सहन होईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांस कार्ड लिहिले: येथे ढेकूण फार चावतात, झोप लागत नाही, मला घरी यावयाचे आहे. आठ दिवसांनी उत्तर आले. अक्षर नेहमीसारखेच वळणदार. 'चि. यास अनेक आशीर्वाद. बाक उन्हात ठेवावे. अभ्यास नीट करावा.' बस्स. कार्डावर आणखी पुष्कळ जागा कोरी होती.

ते कार्ड आम्ही वर्षानुवर्षे जपून ठेवले. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून.

त्या बाकावर पडल्या पडल्या आमच्या मनाने सृष्टीचे एक वर्गीकरण करून टाकले. एका बाजूस तळ्यातली ती आई, जी पोरांचे ओझे पाठीवरून क्षणभरही उतरवीत नाही. दुसऱ्या बाजूस हा ढेकूण, जो फटीत अंडे चिकटवितो आणि पुन्हा त्या दिशेस ढुंकून पाहत नाही. अण्णांची गणना कोणत्या वर्गात झाली हे सांगावयास नको. पुढे आम्ही शिकलो, पदवीधर झालो, अध्यापक झालो, गृहस्थ झालो. पण ते वर्गीकरण जसेच्या तसे राहिले. वर्गीकरण लिनियसचे असो वा दहा वर्षांच्या मुलाचे, एकदा झाले म्हणजे ते बदलावयास कोणी सहसा धजत नाही. अण्णांशी आमचे कधी भांडण झाले नाही. आम्ही सणावारी गावी गेलो, पाया पडलो, निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांस आपल्या घरी आणले, औषधपाणी वेळेवर केले. कर्तव्यात कसूर अशी काही नव्हती. कार्डावर जागा कोरी सोडण्याची विद्या आम्हांसही अवगत झाली होती, इतकेच.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी आम्ही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात चहास गेलो होतो. खिडकीत काचेची एक टाकी होती आणि तीत आवारातल्या हौदातून आणलेले पाणी व शेवाळ होते. सहज डोकावलो तो पंचेचाळीसांवर वर्षांनी ती दिसली. तोच चपटा तपकिरी देह, पाठीवर तीच दाण्यांची फरसबंदी. आम्ही मोजून पाहिले. दाणे ७८ भरले. आम्ही मोठ्या उमाळ्याने म्हणालो, "ही आई आमच्या ओळखीची आहे."

प्राणिशास्त्राच्या बाई हसल्या. "आई नव्हे, सर. तो बाप आहे."

आमच्या मुद्रेवरून बाईंस वाटले, आम्हांस विषय समजला नाही. म्हणून त्यांनी तो सविस्तर समजावून दिला. या किड्याचे शास्त्रीय नाव डिप्लोनिकस रस्टिकस. आम्ही त्यास सोयीसाठी पाणढेकूण म्हणू. भाताची खाचरे, तळी, डबकी ही त्याची वसतिस्थाने. पुढचे दोन पाय चिमट्यासारखे. त्यांत तो डासांच्या अळ्या, गोगलगायी, लहानसहान जलचर पकडतो, सोंड खुपसून विरघळविणारी लाळ आत सोडतो आणि पातळ झालेले मांस शोषून घेतो. मादी अंडी घालते ती नराच्या पाठीवर, एकेक करून, डिंकासारख्या द्रव्याने चिकटवून. पुढचे काम नराचे. आणि ती अंडी चिकटलेली असतात ती त्याच्या मिटलेल्या पंखांवर. म्हणजे पंख असून, उडता येत असून, अंडी फुटेपर्यंत त्यास उडण्याची सोय राहत नाही.

ही चूक एकट्या आमच्या अण्णांची नव्हती, हे ऐकून आम्हांस जरा बरे वाटले. एकोणिसाव्या शतकातील मोठमोठे निरीक्षकही असेच समजत की मादीच अंडी आपल्या पाठीवर घालते. १८९९ साली फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर या अमेरिकन बाईंनी हा भ्रम दूर केला. त्यांस संशय आला तो कशावरून, हे ऐकण्यासारखे आहे. टाकीतील एक किडा पाठीवरचे ओझे खरवडून काढण्याची धडपड करीत होता. आईस न शोभणारे हे वर्तन पाहून बाईंनी त्याची तपासणी केली, तो तो नर निघाला! नर हे ओझे नाइलाजाने वाहतो, त्याच्यावर ते लादलेले असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बापाविषयीचे मत इतक्या अल्प पुराव्यावर बनविणाऱ्या त्या एकट्याच नव्हत, हे आम्हांहून अधिक कोण जाणणार?

पुढे पाऊण शतकाने, १९७६ साली, रॉबर्ट स्मिथ या शास्त्रज्ञाने ॲरिझोनातील ओढ्यांत राहणाऱ्या अशाच एका जातीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला आणि निराळेच चित्र समोर आले. तो बाप पाण्याच्या पृष्ठाशी येऊन अंड्यांस हवा दाखवितो, मग पुन्हा पाण्यात जातो. जागच्या जागी खालीवर झुलून अंड्यांवरून पाणी खेळविते ठेवतो. मागच्या पायांनी त्यांवरून हात फिरविल्यासारखे करतो. अंडी त्याच्या पाठीवरून काढून नुसती पाण्यात टाकली तर फुटत नाहीत, आणि कोरडी ठेवली तरी फुटत नाहीत. १९७९ साली स्मिथने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. हा गृहस्थ वाटेल त्याची अंडी पाठीवर घेत नाही. ती आपलीच आहेत याची खातरजमा तो मीलनाने पुनःपुन्हा करून घेतो. म्हणजे हा संत नव्हे. हिशेबी आहे, पण ओझे वाहतो.

१९७९ हे साल ऐकताच आमच्या मनात काहीतरी हलले. पण आम्ही बाईंस तसे बोलून दाखविले नाही. आम्ही म्हणालो, "मग बाकातला ढेकूणच तेवढा निष्ठुर म्हणावयाचा."

"निष्ठुर नव्हे, सर," बाई म्हणाल्या. "त्याच्या अंड्याला कोणाची गरजच नसते."

येथे ढेकणाची बाजूही मांडणे न्यायाचे होईल. उष्ण प्रदेशातील आपला ढेकूण तो सायमेक्स हेमिप्टेरस. गंमत अशी की त्याचे आणि पाणढेकणाचे, दोघांचेही बारसे फाब्रिसियस या लिनियसच्या डॅनिश शिष्यानेच केलेले आहे. तळ्यातल्यास त्याने रस्टिकस, म्हणजे खेडवळ, म्हटले. आणि ज्यास पंखांच्या जागी दोन आखूड पाळी तेवढ्या उरल्या आहेत, त्या ढेकणाचे नाव अर्धपंखी ठेवले. ढेकणाचे घराणे अति प्राचीन. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे ते सुमारे साडेअकरा कोटी वर्षांचे, म्हणजे मनुष्याहूनच नव्हे, तर वटवाघळांहूनही जुने आहे. त्याच्यावर खोटे आळही थोडे आले नाहीत. १९०७ साली मद्रासेस पॅटन यास काळाआजाराचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढताना आढळले आणि पुढे कित्येक वर्षे तो रोग ढेकूणच पसरवितो असा संशय होता. १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी खरी गुन्हेगार वाळूमाशी असल्याचे सिद्ध केले आणि ढेकूण निर्दोष सुटला. तो झोप घेतो, रक्त घेतो, पण माणसांत रोग पसरवितो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

त्याचे अंडे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे. लाकडाच्या फटीत चिकटविले की उबदार, कोरड्या जागेत ते आठ-दहा दिवसांत आपोआप फुटते. आतून निघालेले पिलू स्वतःच्या पायांनी अन्न शोधीत निघते. पाच वेळा कात टाकावयाची, आणि प्रत्येक वेळी आधी पोटभर रक्त प्यावयाचे. ते रक्त कोठे असते? दर रात्री ठरल्या वेळी, दोन वितींवर, निजलेले. विचार केला तर त्या फटीतल्या पिलांचे खरे पालक आम्हीच होतो! आईबापांनी आणखी करावयाचे ते काय?

पाणढेकणाची अडचण निराळी. तो शिकारी, त्याचे पिलूही जन्मल्याबरोबर शिकार करण्याइतके मोठे हवे, म्हणून अंडे मोठे. पण अंडे जितके मोठे, तितकी त्यास प्राणवायूची भूक अधिक. आणि पाण्यात प्राणवायू हवेच्या मानाने हजारो पटींनी सावकाश पसरतो. मोठे अंडे पाण्याखाली ठेवावे तर गुदमरते, वर कोरड्यात ठेवावे तर सुकते. त्यास हवी ती जागा धड पाण्यात नाही, धड हवेत नाही. ती जागा सृष्टीत आयती नसल्यामुळे बापाची पाठ हीच ती जागा झाली.

बाईंनी निरोप देताना आम्हांस बजावले, की किड्यांवरून माणसांविषयी तात्पर्ये काढू नयेत; शास्त्रास ते मान्य नाही. आम्ही कबूल केले. पण शास्त्रास न विचारता मन जे करावयाचे ते करतेच. एक वत्सल आणि दुसरा निष्ठुर, हे आमचे वर्गीकरण त्या दुपारी मोडले. दोघांचे घराणे एक, सोंड एक. राहण्याची जागा तेवढी निराळी. जागा निराळी म्हणून अंड्याची गरज निराळी, आणि गरज निराळी म्हणून बापाचे वागणे निराळे. मग ज्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, त्या गावी राहणाऱ्या बापाने काय करावयास हवे होते? मुलास पाठीवर ठेवून तळ्यातच बुडी मारावयास हवी होती काय?

आम्ही अण्णांची झडती घेतली ती नव्याने. नवी माहिती काहीच नव्हती. जी होती तीच पुन्हा वाचली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आत्याकडे मनीऑर्डर येई. बारा वर्षांत एकही चुकली नाही. तिच्या कुपनावरही दोन ओळी लिहिण्याची सोय असे. ते कुपन नेहमी कोरे येई, आणि आम्हांस दिसे ते कोरे कुपनच. पैसे आत्याच्या हाती जात. एकोणचाळिसाव्या वर्षी विधुर झालेल्या मनुष्यास दुसरे लग्न करता आले असते. त्यांनी केले नाही. बदली मागून तालुक्याच्या गावी जाता आले असते. तेही केले नाही. का केले नाही, हे आम्ही कधी विचारले नाही, आणि त्यांनी कधी सांगितले नाही. पंख होते की नव्हते, हे कोणास ठाऊक? उडाले नाहीत, एवढे खरे.

आणि आम्ही स्वतः? येथे लेखणी थोडी अडखळते. आमच्यासारखे आपल्या मुलाचे होऊ नये, या निर्धाराने आम्ही चिरंजीवांस वाढविले. बाकावरचे एकाकीपण त्याच्या वाट्यास येऊ दिले नाही. अभ्यासास शेजारी बसलो, सहलींस सोबत गेलो. बारावीनंतर त्यास परगावच्या एका चांगल्या विद्यालयात जागा मिळत होती. आम्ही म्हणालो, "येथे काय कमी आहे?" तो जरा वेळ गप्प राहिला आणि येथेच राहिला. त्या दिवसापासून तो आमच्याशी जसा वागतो त्यास उद्धट म्हणता येणार नाही. तो फक्त मोजके बोलतो. अंडे फुटल्यावरही पाठीवरचा पापुद्रा उतरू न देणारा बाप पाणढेकणांत नसतो. तो सुशिक्षित मध्यमवर्गातच आढळतो.

गेल्या वर्षी त्यास बेंगळुरूस नोकरी लागली आणि तो गेला. एका रात्री आईस त्याचा फोन आला. भाड्याच्या खोलीत ढेकूण आहेत, तीन रात्री झोप नाही. वाचकांस आश्चर्य वाटेल. ढेकूण हा चाळींबरोबर गेला, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण डीडीटीस न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर १९४७ सालीच आढळले होते. आणि १९९० नंतर जगातील मोठमोठ्या शहरांत, उत्तमोत्तम हॉटेलांत, त्यांनी पुन्हा ठाण मांडले आहे. औषधे बदलली, ढेकूणही बदलले.

आम्ही तत्काळ उठलो. सकाळच्या गाडीचे तिकीट पाहू लागलो. फवाऱ्याचे यंत्र कोठून मिळेल, घरमालकाशी कोणत्या शब्दांत बोलावे, याचा बेत करू लागलो. पत्नी शांतपणे म्हणाली,

"त्यानं तुम्हांला बोलावलं आहे का?"

आम्ही बसलो. मग मोबाइल हाती घेऊन त्यास लिहू लागलो. ढेकणांच्या पाच अवस्था लिहिल्या, लपण्याच्या जागा लिहिल्या, गिरगावचे बाक लिहिले. तू परत ये, असेही एकदा लिहिले. मग एकेक ओळ पुसत गेलो. जे सांगावयाचे होते ते ढेकणांविषयी नव्हते, आणि जे ढेकणांविषयी नव्हते ते लिहिता येईना. शेवटी राहिले ते असे: 'गादी कडक उन्हात ठेव. जेवण वेळेवर कर.' पाठविले, आणि पाहिले तो खाली पडद्यावर पुष्कळ जागा कोरी होती.

उपाय अगदीच अडाणी नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. पन्नास अंशांच्या आसपास उष्णता मिळाली म्हणजे ढेकूण व त्याची अंडी दोन्ही मरतात. पण आमच्या डोळ्यांत पाणी आले ते या शास्त्रीय सत्यामुळे नव्हे. त्या रात्री आम्ही कपाटातून ते जुने कार्ड काढले. पंचेचाळीस वर्षे पुरावा म्हणून जपलेला कागद वाचून पाहिला, आणि फिर्याद मागे घेतली. कोऱ्या जागेत लिहिलेले वाचण्यास तितक्याच अंतरावर मूल असावे लागते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी अण्णा गच्चीत खुर्चीवर बसले होते. आता त्यांस ऐंशीच्या वर सहा वर्षे झाली आहेत. आम्ही शेजारी बसलो आणि म्हणालो,

"अण्णा, तळ्यातला तो किडा आठवतो? पाठीवर अंडी घेऊन फिरणारा?"

"आठवतो."

"ती आई नव्हती. तो बाप असतो."

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यास पुसला. बराच वेळ पुसला.

"जड होत असेल," ते म्हणाले.

"होतं. उडता येत नाही."

"आणि अंडी फुटल्यावर?"

"रिकामा पापुद्रा मागच्या पायांनी खरवडून टाकतो."

"बरोबर," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढविला आणि थोड्या वेळाने विचारले, "पोराच्या खोलीतले ढेकूण गेले का?"

"गादी उन्हात ठेवायला सांगितलं आहे."

अण्णांनी आमच्याकडे पाहिले. मग एकदा मान हलविली, समोरच्या आभाळाकडे दृष्टी वळविली, आणि ते पुन्हा तटस्थ झाले.